निळ्या बशीवरची अमेरिका: स्टॅफर्डशायरची जुनी भांडी जमवायला लागताना

२४ ऑगस्ट १८१४ रोजी ब्रिटिश फौजेनं वॉशिंग्टनमध्ये शिरून कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकन संसदेची इमारत, पेटवलं. त्यानंतर पंधरा वर्षंही लोटली नसतील, तोवर त्याच कॅपिटॉलचं गडद निळं चित्र छापलेली भांडी इंग्लंडच्या भट्ट्यांतून निघून अमेरिकन घरांच्या फडताळांत जाऊन बसली होती. इमारत जाळणारे इंग्रज, तिचं चित्र बशीवर छापून विकणारेही इंग्रज आणि डॉलर मोजून ती बशी अभिमानानं मांडणारे अमेरिकन. या छंदाची सगळी गंमत या व्यवहारात आहे.

१८१२ ते १८१५ च्या युद्धात अटलांटिकपलीकडचा व्यापार जवळजवळ ठप्प झाला होता. तह झाल्यावर इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यातल्या कुंभारांना ती बाजारपेठ परत हवी होती. गिऱ्हाइकाला काय आवडतं ते त्यांनी बरोबर ओळखलं: त्याच्या शहरातला सिटी हॉल, त्याचं गरुडाचं बोधचिन्ह, त्याचा वॉशिंग्टन, त्याच्या बाजूनं लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत. स्वतःच्या राजाविरुद्ध बंड केलेल्या लोकांचे विजय आपल्याच भट्टीत भाजायला त्यांना काही वाटलं नाही. एनक वूडच्या कारखान्यानं तर अमेरिकन आरमाराच्या कमोडोर मॅकडोनाच्या विजयाची ताटं काढली. ११ सप्टेंबर १८१४ ला शॅम्प्लेन सरोवरावर त्यानं हरवलं होतं ते ब्रिटिश आरमारालाच.

ही भांडी नव्यानं जमवू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एक सवय सुरुवातीलाच लावून घ्या. बशी हातात आली की आधी काठ बघायचा, मग बूड आणि चित्र सगळ्यात शेवटी. नवखा माणूस नेमकं उलटं करतो, आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

पहिली पायरी: कुठलं जमवायचं ते ठरवा

‘अमेरिकन दृश्यांची जुनी भांडी’ म्हणून बाजारात जे मिळतं, त्याचे ढोबळमानानं चार काळ पडतात.

सगळ्यात जुने ते मलईच्या रंगाचे ‘जग’ (पेय ओतायची, कान असलेली भांडी). त्यांवर बहुधा काळ्या शाईतली चित्रं असतात आणि ते साधारण १७९० ते १८१० च्या दरम्यानचे असतात. यांना सरसकट ‘लिव्हरपूल जग’ म्हणतात, पण सगळे काही लिव्हरपूलला बनलेले नाहीत. बऱ्याच जगांवर गलबत, गरुड आणि ढाल दिसते. १४ डिसेंबर १७९९ ला वॉशिंग्टन वारल्यावर त्याच्या स्मरणार्थ असे जग मोठ्या संख्येनं निघाले. वस्तू देखणी, पण महाग. शिवाय नकलाही भरपूर, त्यामुळे सुरुवात इथून करू नये.

दुसरा काळ गडद निळ्या भांड्यांचा, साधारण १८१८ ते १८३०. बहुतेक जण शेवटी इथेच येऊन थांबतात आणि माझ्या मते सुरुवातही इथूनच करावी. या लेखात भर त्यांच्यावरच आहे.

तिसरा काळ १८३० नंतरचा. गुलाबी, जांभळा, तपकिरी, हिरवा, काळा आणि फिकट निळा असे रंग आले, चित्र मोकळं झालं, काठ नाजूक झाला. जॉब आणि जॉन जॅक्सन यांची या काळातली भांडी गडद निळ्यांच्या मानानं स्वस्त मिळतात, आणि लोकांनी थोडी उपेक्षाच केली आहे त्यांची.

चौथा काळ १८९० च्या आसपास सुरू होतो. या पर्यटकांसाठी काढलेल्या आठवणीच्या बशा. जमवायला त्यात काहीच गैर नाही, फक्त १८२५ ची म्हणून घेऊ नये.

काळ ठरला की विषय ठरवा. एकच शहर घ्या, एकच कारखाना घ्या, किंवा फक्त छोट्या कप-प्लेट. त्या वेळी अमेरिकेत गरम चहा बशीत ओतून पीत आणि रिकामा कप टेबलावर डाग पाडू नये म्हणून साडेतीन-चार इंचांच्या इवल्याशा ताटलीत ठेवत. जागा कमी असेल त्यानं या कप-प्लेट जमवाव्यात. किमतीनं मात्र त्या इवल्याशा नसतात.

दुसरी पायरी: भांडं कसं बनलं ते समजून घ्या

हे टाळून पुढे जाऊ नका. खरं-खोटं ओळखण्याच्या बहुतेक खुणा याच कृतीतून उरलेल्या असतात.

कारागीर आधी तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचा. गडद भागासाठी खोल रेषा, आकाश किंवा पाण्यासाठी टोचून काढलेले बारीक ठिपके. पत्रा तापवून कोबाल्टचा रंग तेलात कालवून त्यात घासून भरायचा, वरचा जादा रंग खरवडून काढायचा आणि ओलसर पातळ कागद दाबून छाप उचलायचा. मग कामगार बायका-मुली त्या कागदाचे तुकडे कापत: मधलं चित्र वेगळं, काठाची पट्टी वेगळी. एकदा भाजलेल्या, अजून झिलई न चढलेल्या भांड्यावर हे कागद रंगाची बाजू खाली करून लावायचे, साबण लावलेल्या ताठ ब्रशनं घोटायचे आणि पाण्यात कागद धुऊन काढायचा. रंग मागे राहतो. हलक्या आचेवर तेल जाळून घ्यायचं, झिलईत बुडवायचं आणि परत भट्टीत.

आता बशीकडे बघा. काठाची पट्टी गोल फिरून स्वतःला मिळते तिथे कुठेतरी सांधा असणारच. अर्धं फूल कापलेलं, एखादं पान दोनदा आलेलं, मध्येच पांढरी फट. नवख्याला हा दोष वाटतो. जाणकार मात्र सांधा सापडल्यावर निश्चिंत होतो, कारण हातानं कागद लावल्याचाच तो पुरावा. मोठ्या ताटांवर असे तीन-चार सांधे सापडतात.

बूड उलटं करा. झिलईच्या भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये तीन टोकांचे छोटे मातीचे टेकू ठेवत. त्यांचे बारीक, बोटाला टोचणारे व्रण काठाच्या आसपास राहतात. बुडाच्या कडेच्या खोबणीत झिलई साचून निळसर दिसते, कारण माती अधिक पांढरी भासावी म्हणून झिलईतच चिमूटभर कोबाल्ट घालायची पद्धत होती. भांडं उचललं की अपेक्षेपेक्षा हलकं लागतं, हेही लक्षात ठेवा.

निळाच रंग का, हा प्रश्न पडेलच. झिलईखाली भट्टीची आच सोसून छाप टिकवणारा, भरवशाचा आणि परवडणारा रंग तेव्हा कोबाल्टचाच होता. बाकीचे रंग १८२० च्या दशकाच्या अखेरीस हाताशी आले. आणि गडद निळा सढळ हातानं वापरला की मातीतले बारीकसारीक दोषही झाकले जात.

तिसरी पायरी: काठ ओळखायला शिका

सिटी हॉलचं चित्र बाजारात कुणाच्याही मालकीचं नव्हतं. छापील पुस्तकांतली आणि सुट्टी कोरीव चित्रं घेऊन कुंभार सर्रास नक्कल करत. इंग्लंडमध्ये १८४२ साली स्वामित्वहक्काचा कायदा कडक झाला तेव्हा कुठे ही मोकळीक संपली. त्यामुळे न्यूयॉर्कचा तोच सिटी हॉल रिजवेच्या बशीवर आहे आणि स्टब्जच्याही. काठ मात्र प्रत्येक कारखान्यानं आपापला ठेवला होता. शिक्का पुसट असो, नसो, काठावरून घराणं कळतं.

एनक वूड अँड सन्स, बर्स्लेम: शिंपल्यांचा काठ. गच्च निळ्यावर मोठे शिंपले आणि समुद्री वनस्पती. जमिनीवरच्या दृश्यांना चित्राची चौकट साधारणतः गोल असते, गलबतांच्या चित्रांना वेडीवाकडी, जणू गुहेच्या तोंडातून समुद्र दिसतोय. न्यूयॉर्क राज्यातला ईरी कालवा १८२५ मध्ये सुरू झाला, तेव्हा वूडनं त्याचीही भांडी काढली: ऑल्बनीला कालवा हडसन नदीला मिळतो ते ठिकाण, लिटल फॉल्स आणि रॉचेस्टरचे पाणपूल (कालवा वाहून नेणारे पूल).

जेम्स आणि राल्फ क्लूज, कोब्रिज: यांचा ‘राज्यांचा काठ’ एकदा पाहिला की विसरता येत नाही. फितीच्या वळशांवर पंधरा राज्यांची नावं, मध्ये तारे. आतल्या बाजूला वॉशिंग्टनचं चित्र धरलेली स्त्री आणि गुडघे टेकलेली दुसरी आकृती, म्हणजे अमेरिका आणि स्वातंत्र्य. १८२१ पर्यंत राज्यं चोवीस झाली होती, पण पट्टीवर पंधराच राहिली. मधली इमारत बघा: समोर हरणं किंवा मेंढ्या चरताहेत, मोठा वाडा आहे. यातले बरेच वाडे अमेरिकेतले वाटतच नाहीत, इंग्लंडमधल्या जमीनदारांचे वाटतात. ‘देशभक्ती’ बहुतेक वेळा काठापुरतीच असायची, याचा इतका ढळढळीत नमुना दुसरा नाही.

जे. अँड डब्ल्यू. रिजवे, हॅन्ली: ‘ब्यूटीज ऑफ अमेरिका’ ही मालिका. काठावर लंबगोल चौकटी आणि त्यांत गुलाबाची फुलं. मागे मालिकेचं नाव, इमारतीचं नाव आणि कारखान्याचं नाव छापलेलं असतं, म्हणून नवख्यासाठी ही मालिका फार सोयीची. यात नुसती सत्तास्थानं नाहीत. न्यूयॉर्कचं अनाथ-गरिबांचं आश्रयस्थान, फिलाडेल्फियाचं ग्रंथालय, सव्हानाची बँक असल्या नागरी इमारतीही आहेत. त्या काळच्या शहरांना स्वतःत काय मिरवावंसं वाटत होतं, ते या मालिकेत दिसतं.

जोसेफ स्टब्ज, लाँगपोर्ट: फुलं आणि वेलबुट्टीच्या मध्ये पंख पसरलेले गरुड. आत फिलाडेल्फियाजवळचं फेअरमाउंट, बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स, न्यूयॉर्कचा सिटी हॉल.

राल्फ स्टीव्हन्सन, कोब्रिज: द्राक्षवेलीचा काठ. त्याच्याच विल्यम्सबरोबरच्या भागीदारीतली ‘आर. एस. डब्ल्यू.’ अक्षरांची भांडी ओकच्या पानांच्या आणि फळांच्या काठाची असतात. काहींवर वरच्या बाजूला वॉशिंग्टन, जेफरसन, लाफायेत वगैरेंचे छोटे चेहरे चिकटवल्यासारखे छापलेले. असं भांडं स्वस्तात कुणी देऊ लागलं तर आधी संशय घ्या.

थॉमस मेयर, स्टोक: एकेका राज्याची राजचिन्हं, तीही झगझगीत निळ्यात. बोधचिन्हांची आवड असेल तर इकडे वळा, पण खिसा सांभाळून.

हे काठ पाठ करायचा सोपा उपाय म्हणजे संग्रहालयांची छायाचित्रं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये एलूइज बेकर लार्सन यांनी जमवलेला मोठा संग्रह आहे, तो इंटरनेटवरही पाहता येतो. डेलावेअरमधल्या विंटरथर संग्रहालयाचाही उपयोग होतो. रोज एक काठ बघा आणि मग चित्र झाकून कारखाना ओळखायचा सराव करा.

चौथी पायरी: बूड आणि शिक्के

मातीत दाबलेला शिक्का आणि निळ्यात छापलेलं नाव या दोन वेगळ्या गोष्टी. दाबलेला शिक्का कारखान्याचा असतो. वूडच्या शिक्क्यात अमेरिकेचा पंख पसरलेला गरुड सापडतो. म्हणजे ब्रिटिश कुंभारानं आपल्या कच्च्या मातीवरच परदेशी राष्ट्रचिन्ह दाबून ठेवलं! क्लूजच्या शिक्क्यात मधोमध मुकुट आणि भोवती ‘वॉरंटेड स्टॅफर्डशायर’. शिक्का झिलईनं बुजलेला असेल तर टॉर्च आडवी धरा, उठाव दिसतो.

छापलेलं नाव बहुधा मालिकेचं आणि दृश्याचं असतं. त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. वूडच्या एका प्रसिद्ध बशीवर ‘बाल्टिमोर अँड ओहायो रेलरोड’ लिहिलेलं आहे, पण चित्रातली आगगाडी इंग्लंडमधल्या हेटन कोळसाखाणीच्या रुळांवरची आहे. अमेरिकेतल्या त्या रेल्वेचं चित्र हाताशी नव्हतं, मग घरचं इंजिन लावून दिलं.

शिक्क्यावरून काळ ठरवताना तीन-चार खुणा लक्षात ठेवल्या तरी पुरे. ‘इंग्लंड’ असं देशाचं नाव असेल तर बशी बहुतकरून १८९१ नंतरची, कारण अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली आयात कायद्यानं मार्च १८९१ पासून बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं बंधनकारक केलं. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर विसावं शतक धरून चाला. शंकरपाळ्याच्या आकाराचं नोंदणीचिन्ह १८४२ ते १८८३ मधलं, ‘आर. डी. नंबर’ (नोंदणी क्रमांक) १८८४ पासून पुढचा. पण हे उलट्या बाजूनं लावू नका: ‘इंग्लंड’ नाही म्हणजे बशी जुनीच, असं मुळीच नाही.

पाचवी पायरी: इमारत वाचा

आता चित्र बघायला हरकत नाही. इमारती बदलत असतात आणि तांब्यावर कोरलेलं चित्र तसंच राहतं, त्यामुळे चित्रातला घुमट कधीकधी शिक्क्यापेक्षा चोख तारीख सांगतो.

कॅपिटॉलच घ्या. जळाल्यानंतर पुन्हा बांधलेल्या इमारतीचा घुमट बुटका, तांबं मढवलेल्या लाकडाचा होता. आज दिसतो तो उंच लोखंडी घुमट १८५५ ते १८६६ दरम्यान चढला. बशीवर उंच, थरांथरांचा घुमट असेल, तर विकणारा कितीही शपथा घेवो, ती बशी १८२५ ची असणं शक्य नाही.

बॉस्टनचं स्टेट हाउस, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाची इमारत, १७९८ चं. जॉन रॉजर्स अँड सन यांनी ते बशीवर काढलं तेव्हा समोरच्या बॉस्टन कॉमन या सार्वजनिक मैदानावर गाई चरताना दाखवल्या. ही कुंभाराची कल्पनाशक्ती नव्हे. कॉमनवर गुरं चारायला १८३० पर्यंत खरंच परवानगी होती. या बशीवर मधोमध सत्तेचा घुमट आहे, सगळी रचना त्याच्याकडे नजर नेण्यासाठी केली आहे आणि खालच्या हिरवळीवर गाई निवांत, त्यांना त्या घुमटाचं काही देणंघेणं नाही. भिंगातून बघा, झाडाच्या बुंध्याशी रेषा कशा दाट होत जातात ते. चित्रकारानं गाईंवर जीव लावला आहे, घुमटावर नाही, असं माझं प्रामाणिक मत.

न्यूयॉर्कचा सिटी हॉल १८१२ मध्ये पुरा झाला. त्याच्या माथ्यावरचा मनोरा १८५८ मध्ये अटलांटिकखालून टाकलेल्या तारयंत्राच्या केबलच्या आनंदोत्सवातल्या आतषबाजीनं जळाला आणि मग नव्यानं बांधला. कॅसल गार्डन हा मुळात बेटावरचा किल्ला, १८२४ मध्ये करमणुकीची जागा म्हणून त्याला नवं नाव मिळालं. त्याच वर्षी १६ ऑगस्टला लाफायेत तिथे उतरला आणि क्लूजनं तो प्रसंग तारखेसकट बशीवर आणला. किनाऱ्याकडे येणारी जहाजं, तोफांचा धूर, पुलानं जोडलेला गोल किल्ला. ही भांडी इतक्या मोठ्या संख्येनं बनली की आजही मिळतात. नवख्यानं पहिली बशी घ्यायची तर लाफायेतची घ्यावी. चांगली ओळखीची आहे, तुलनेला भरपूर नमुने मिळतात आणि किंमतही चढी नसते.

सहावी पायरी: जुनी आणि जुन्यासारखी

या भांड्यांच्या नावाखाली सगळ्यात जास्त विकल्या जातात त्या १८९० नंतरच्या आठवणीच्या बशा. यातल्या बहुसंख्य फसवण्यासाठी बनलेल्याच नाहीत. शंभर वर्षांत त्यांची ओळख पुसली गेली, इतकंच. रोलँड अँड मार्सेलस हे नाव तुम्हाला सारखं दिसेल, बऱ्याचदा शंकरपाळ्याच्या आकारात ‘आर. अँड एम.’ एवढंच. ही न्यूयॉर्कची आयात करणारी पेढी, कुंभारकाम इंग्लंडमधल्या कारखान्यांचं. या बशांचा रंगही निळाच, पण काठावर सलग फुलपानांऐवजी छोट्या चौकटींत त्याच शहराची पाच-सहा दृश्यं असतात. असा काठ दिसला की काळाचा प्रश्न तिथेच मिटला. वेजवूडनं बॉस्टनच्या जोन्स, मॅकडफी अँड स्ट्रॅटन या पेढीसाठी काढलेल्या निळ्या बशाही अशाच. त्यांच्या मागे आयातदाराचं नाव असतं. कारागिरी उत्तम आहे, काही तर मला जुन्यांपेक्षा जास्त आवडतात, पण काळ वेगळा आणि दामही वेगळा.

याहून अलीकडच्या नकला ओळखायला दहापट मोठं करणारं सोनाराचं भिंग घ्या. कोरीव पत्र्यावरच्या छापात रेषा आणि ठिपके असतात, पण हातानं टोचलेले ठिपके सारखे नसतात: कुठे दाट, कुठे विरळ, कुठे एखादा चुकार. छायाचित्रावरून केलेल्या आधुनिक छपाईत ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखी. जाळी दिसली की बशी खाली ठेवा आणि आभार मानून पुढे चला.

बुडाची झीजही बघा. दोनशे वर्षं शेल्फवर सरकलेल्या बशीच्या बुडाला आडव्यातिडव्या, वेगवेगळ्या खोलीच्या ओरखड्यांची झीज असते. कानशीनं किंवा वाळूच्या कागदानं काढलेली झीज एकाच दिशेची आणि फार नीटनेटकी दिसते.

सातवी पायरी: तब्येत तपासा

बशी एका हाताच्या बोटांवर अलगद तोलून दुसऱ्या हाताच्या नखानं काठावर हलकी टिचकी मारा. धड बशी खणकन वाजते. चीर असेल तर आवाज बसका येतो. झाकण, हँडल असलेल्या भांड्यांना ही चाचणी तितकीशी लागू पडत नाही.

मग काठावरून नख फिरवा. टवका उडालेला असेल तर नख अडकतं. चीर दिव्यासमोर आडवी धरून शोधायची. झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे बऱ्याच भांड्यांत असतात. त्यानं किंमत फारशी पडत नाही, पण त्या तड्यांतून तेल-मसाल्याचे पिवळे-तपकिरी डाग शिरले असतील तर मात्र पडते.

सगळ्यात घातक म्हणजे लपवलेली दुरुस्ती. फुटलेला काठ भरून वर निळा रंग आणि नकली झिलई मारलेली असते. असा भाग हाताला जरा कोमट आणि मऊ लागतो, आजूबाजूची खरी झिलई गार लागते. अंधाऱ्या खोलीत अतिनील किरणांची छोटी टॉर्च मारली की दुरुस्तीचा भाग बहुधा वेगळ्याच रंगात चमकतो. पण नवे रंग कधीकधी या टॉर्चलाही चकवतात, म्हणून हात आणि भिंग यांचा निवाडा जास्त मानावा.

दुरुस्ती असणं म्हणजे पाप नव्हे. दुर्मीळ दृश्य असेल तर दुरुस्त केलेलं भांडंही घ्यावं, फक्त दुरुस्तीच्या दरानं. आणि एक आग्रहाचा सल्ला: पहिल्या चांगल्या बशीआधी एक फुटकी-तुटकी पण खरी बशी स्वस्तात विकत घ्या. तुटलेल्या कडेवर माती, झिलई आणि त्यांच्या मधला निळा थर उघडा दिसतो. असं शिकणं छायाचित्रांतून होत नाही.

आठवी पायरी: विकत घेताना

मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डला मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. तिथे भांडं हातात घेऊन बघता येतं, आणि सुरुवातीला हेच सगळ्यात महत्त्वाचं. लिलावगृहात बोलीवर खरेदीदाराचं कमिशन चढतं, ते बऱ्याच ठिकाणी वीस ते पंचवीस टक्के किंवा त्याहून अधिक असतं. बोली लावायच्या आधी ते मिळवून आपली मर्यादा कागदावर लिहून ठेवा. ऑनलाइन घेताना चार फोटो मागा: पूर्ण समोरून, पूर्ण मागून, शिक्का जवळून आणि तिरप्या उजेडातला काठ. चौथा फोटो द्यायला टाळाटाळ झाली की समजून घ्या.

‘दुर्मीळ’ या शब्दाला भुलू नका. विचारा, दुर्मीळ काय आहे? दृश्य, आकार, की रंग? लाफायेतची दहा इंची बशी दुर्मीळ नाही, पण त्याच दृश्याचं झाकणाचं सूपपात्र असू शकतं. हा शब्द वापरणाऱ्याकडे या प्रश्नाचं उत्तर असेल तर तो दुकानदार जपा.

वर्णनात काठाचं नाव, कारखाना, दृश्य, माप, दोष आणि दुरुस्ती हे सगळं बिलावर लिहून घ्या. तोंडी खात्रीचा नंतर काही उपयोग होत नाही.

घरी आणल्यावर

यात जेवू नका. त्या काळच्या झिलईत शिसं असायचं. डिशवॉशर आणि मायक्रोवेव्ह अर्थातच वर्ज्य. कोमट पाणी, सौम्य साबण, खाली टॉवेल आणि नळापासून दूर. डाग काढायला क्लोरीनची ब्लीच कदापि वापरू नका. ती तड्यांत शिरून झिलई उखडवते.

भिंतीवर लावायच्या तर स्प्रिंगच्या घट्ट तारा टाळा, काठावर ताण येऊन चीर पडते. उभ्या स्टँडवर, वाटल्यास पुढे बारीक पट्टी लावलेल्या शेल्फवर मांडा. एकावर एक रचायच्या तर प्रत्येकीमध्ये फेल्टचा तुकडा हवा.

प्रत्येक भांड्याची वही ठेवा: कुठून घेतलं, केव्हा, कितीला, शिक्क्याचा आणि काठावरच्या सांध्याचा फोटो. सांधा प्रत्येक बशीचा वेगळा असतो. कधी चोरी झाली किंवा विमा उतरवायचा झाला तर आपली बशी नेमकी कोणती, ते त्या फोटोवरून सिद्ध करता येतं.